कोड पुसला तरी चेन ढिलीच

पिंपळे गुरवमधून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांत डिझेलवरच्या जुन्या स्विफ्ट, डिझायर आणि इंडिका व्हिस्टा आजही दिसतात. त्यांच्यातले 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन मूळचे फियाटचे. पुणे जिल्ह्यातच, रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. त्यात टायमिंगसाठी रबरी पट्टा नाही, चेन आहे. ‘पट्टा बदलावा लागतो, चेन आयुष्यभर चालते’ हा समज तिथूनच पक्का झाला. तो खरा आहे, पण चेनला वेळेवर चांगले ऑइल मिळाले तरच. आपल्या रस्त्यांवर नेमकी हीच अट मोडते.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा एकच व्हावा, हे गणित चेन सांभाळते. चेन जुनी होते तेव्हा तिचे पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश किंचित झिजतात आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांबते. डिझेल इंजिनातली काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ही झीज वाढवते. चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो. आता हिशेब बघा. ताशी 40 किलोमीटरच्या सरासरीने 10,000 किलोमीटर म्हणजे इंजिनाचे 250 तास; कोंडीत ही सरासरी 15 वर आली, तर तेच अंतर सुमारे 667 तासांवर जाते. सिग्नलला दहा मिनिटे उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांनी आठ हजार वेळा फिरते, आणि मीटर मात्र जागचा हलत नाही. म्हणून अशा वापरात ऑइल केवळ किलोमीटर बघून बदलणे चुकीचे आहे. कंपनीने सांगितलेली महिन्यांची मुदत आणि खडतर वापरासाठी दिलेले कमी अंतर, यांतले जे आधी येईल ते पाळावे.

झिजलेली चेन बहुधा आधी सूचना देते. सकाळी गार इंजिन सुरू करताना चेनच्या बाजूने काही क्षण खडखड येते. पुढे क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचा मेळ बसेनासा झाला, की पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी 0016 सारखा कोड दिसतो. यावर कुणी म्हणेल, दिवे तर सेन्सर किंवा वायरिंग बिघडले तरी लागतात, मग गॅरेजवाल्याच्या शब्दावर इंजिन का उघडायचे? शंका रास्त आहे. एका कोडवरून चेन बदलायला सांगणे घाईचेच. आधी वायरिंग आणि सेन्सर तपासावेत, मग लॉकिंग पिना लावून टायमिंग जुळते का ते पाहावे. पण याच शंकेपोटी कोड पुसून गाडी हाकत राहणे धोक्याचे आहे. चेनने दात सोडला, तर डिझेल इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि काम थेट हेड खोलण्यापर्यंत जाते. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर गॅरेज गाठण्याचाही प्रयत्न करू नये. गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करावे.

दुसरा आक्षेप पैशांचा: जुन्या गाडीवर एवढा खर्च परवडतो का? 2014 मध्ये एमएच-14 पासिंग झालेल्या खासगी गाडीची 15 वर्षांची नोंदणी 2029 मध्ये संपते. बाकी इंजिन धड असेल, तर चेनचा खर्च त्या उरलेल्या वर्षांवर पसरतो. इंजिन धडच नसेल, तर गाडी काढून टाकणे शहाणपणाचे. मात्र बदलायचेच ठरवले, तर चेन, टेन्शनर, गाइड आणि दातचक्रे एकदमच बदलावीत. खरी मजुरी उघडझाकीची असते. नव्या चेनला जुना टेन्शनर ठेवला, तर ती मजुरी दोनदा मोजावी लागू शकते. दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये ‘कोड काढून टाका’ म्हणू नका. कोणता कोड आला ते बिलावर लिहून घ्या आणि कारण सापडल्यावरच तो पुसू द्या.