राजवाड्यातले पत्ते

मुलांनो, समजा तुम्ही पावसला राहता आणि सुटीत बसून गौतमी नदीचं एक झकास चित्र काढलंत. आईबाबा कौतुक करतील, बाई ते वर्गात लावतील. पण विकत कोण घेईल? हसू नका! चित्रं काढून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न रोज सकाळी पडतो, बरं का.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. हुसेन म्हणजे आपल्या पंढरपूरचे. तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवून त्यांनी दिवस काढले. मग या ११८ कोटींतून त्यांना काय मिळालं? काहीच नाही. ते २०११ सालीच वारले. हे चित्र १९५४ साली एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं होतं आणि पुढे नॉर्वेतल्या एका इस्पितळाला देऊन टाकलं होतं. म्हणजे चित्रकाराच्या कामी आलं ते पहिलं गिऱ्हाईक. शेवटचं गिऱ्हाईक कितीही श्रीमंत असो, फार उशिरा आलं!

आता आपल्या कोकणातलीच गोष्ट ऐका. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्हांला ठाऊक असतील. तिथे आणखी एक वस्तू तयार होते. ती म्हणजे गंजिफा. हे पत्ते असतात गोल. दशावतारी गंजिफांच्या एका संचात १२० पत्ते. प्रत्येक अवताराचे बारा. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्यावताराची दश्शी असेल, तर त्या इवल्याशा गोलात दहा मासे काढायचे, तेही हाताने! चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, घोटायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा. एवढा खटाटोप.

पुढे छापील पत्ते आले. स्वस्त आणि खिशात मावणारे. मग गंजिफा कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जाणणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते.

तेव्हा सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं. पैसेवाला माणूस सहसा काय करतो? जुने संच विकत घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. वस्तू टिकते, पण ती घडवणारा हात जातो. या दोघांनी मात्र पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती कला चक्क शिकून घेतली! राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना निघाला आणि गावातल्या कारागिरांना तिथे काम मिळू लागलं. शिवरामराजे १९९५ मध्ये आणि सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, तरी कुंचले थांबले नाहीत.

अर्थात श्रीमंताच्या आवडीवर कला जगली, की ती थोडी त्याच्या आवडीप्रमाणे वळतेही. आज गंजिफा घेणारे बहुतेक लोक त्या खेळत नाहीत, दिवाणखान्यात मांडतात. मला विचाराल तर हे थोडं वाईट वाटतं. पत्ता खेळण्यासाठी असतो. पण न खेळता का होईना, तो रंगवला जातोय, हेही काही कमी नाही.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची तऱ्हा वेगळी. हो, तेच सूर्यनमस्कारवाले! ते स्वतः चित्रं काढत, इतर चित्रकारांकडून काढवून घेत आणि विकतही घेत. राजा रविवर्म्यांची चित्रं, धुरंधरांची चित्रं, इतकंच काय, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्पसुद्धा त्यांच्या संग्रहात आलं. हे सगळं त्यांनी वाड्यात कोंडून ठेवलं नाही. यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून १९३८ साली ते लोकांसाठी उघडलं. मुंबईतल्या मुलांना जे बघायला मिळेल, ते औंधच्या शेतकऱ्याच्या मुलालाही मिळालं.

पावसच्या मुलांना अस्सल चित्र बघायचं, तर आधी एसटी पकडावी लागते. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे, ते तर जवळच. सावंतवाडीला गेलात, तर राजवाड्यात कारागीर काम करताना दिसतात. आईबाबांना म्हणा, थोडा वेळ थांबू या. आणि कुंचल्याच्या टोकाकडे नीट बघा. माशाचा डोळा काढताना ते किती बारीक होतं!