ब्रेक पॅड आणि डिस्क: अंदाज सोडा, माप घ्या

श्रावणातल्या एका सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. खुलताबाद ओलांडून वेरूळच्या घाटात उतरताना पुढच्या डाव्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. महिनाभर आधीच गॅरेजमध्ये चाकाच्या फटीतून टॉर्च मारून 'पॅड निम्मे शिल्लक आहेत, काळजी करू नका' असे सांगितले गेले होते. सावकाश घरी आलो आणि सिडकोतल्या अंगणात चाक काढले. बाहेरचा पॅड खरोखरच निम्मा शिल्लक होता. आतल्या पॅडचे मटेरियल मात्र संपले होते. मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कला नख अडकेल अशा रेघा पडल्या होत्या.

कारण साधे होते. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. माझ्या गाडीची खालची पीन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकत नव्हता आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडत होता.

आपले शहर मापावर चालते. वाळूजला एन्ड्युरन्ससारखी कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात. हजारो घरांतली माणसे दिवसभर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळतात. तीच माणसे घरच्या गाडीचे ब्रेक मात्र कानाने आणि अंदाजाने तपासतात. हे बदलायला हवे, म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १: आवाज येत नाही, म्हणजे पॅड चांगले आहेत.

वस्तुस्थिती: पॅड संपत आल्यावर चीं चीं आवाज करणारी पत्र्याची छोटी पट्टी अनेक गाड्यांत असते, पण बहुधा ती चाकाच्या दोन पॅडांपैकी एकालाच असते. काही पॅडांना ती नसतेच. ज्या पॅडला पट्टी नाही तोच आधी संपला, तर लोखंड डिस्कला लागेपर्यंत काही कळत नाही. उलट, पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिल्या चार ब्रेकला खरखर होते. तो आवाज लगेच गेला तर काळजीचे कारण नाही. आवाज ही फक्त सूचना आहे. खरे उत्तर चाक काढून दोन्ही पॅड पाहिल्यावरच मिळते.

गैरसमज २: ठरावीक किलोमीटर झाले की पॅड बदलायचे.

वस्तुस्थिती: पॅड झिजतात ते ब्रेक मारल्यामुळे, नुसते अंतर कापल्यामुळे नव्हे. मोंढा नाका ते क्रांती चौक रोज दोनदा जाणारी गाडी आणि सावंगीहून समृद्धी महामार्गाला लागून नागपूर गाठणारी गाडी, दोघींचे किलोमीटर सारखे असले तरी पॅड सारखे उरणार नाहीत. नव्या पॅडवर घर्षणाचे मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असते. मागची लोखंडी पट्टी सोडून ते ३ मिमीवर आले की बदलण्याची तयारी करावी. दर १० हजार किलोमीटरला, चाकांची अदलाबदल करताना, आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड मोजले की वेगळा खर्च येत नाही.

वेगाचा हिशेबही लक्षात ठेवावा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे १.४ लाख जूल उष्णता तयार होते, तर १२० वरून थांबवताना सुमारे ५.६ लाख. समृद्धीवर ब्रेक क्वचित लागतो, पण लागतो तेव्हा झिजलेल्या पॅडची खरी परीक्षा असते.

गैरसमज ३: डिस्क लोखंडाची आहे, ती गाडीच्या आयुष्यभर टिकते.

वस्तुस्थिती: डिस्कही झिजते, आणि ती कुठवर वापरायची हे कारखान्यानेच सांगून ठेवलेले असते. बहुतेक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंजाखाली तो दिसत नाही. तारेच्या ब्रशने घासले की वर येतो. समजा नवी डिस्क २२ मिमी आणि किमान आकडा २० मिमी असेल, तर सगळे आयुष्य मिळून दोनच मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला एक. त्याखाली गेलेली डिस्क लवकर तापते आणि तिला तडे जाऊ शकतात.

मोजताना एक चूक हमखास होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कडेला न झिजलेला उंचवटा राहतो. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या उंचवट्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड भरते. म्हणून मायक्रोमीटरने, कडेपासून साधारण १० मिमी आत, डिस्कभर निदान सहा ठिकाणी माप घ्यावे. सर्वांत कमी भरलेले माप खरे धरावे.

गैरसमज ४: पॅड बदलले की डिस्क लेथवर मारलीच पाहिजे. पेडल थरथरते म्हणजे डिस्क वाकली.

वस्तुस्थिती: डिस्क गुळगुळीत असेल, जाडी मापात असेल आणि पेडल थरथरत नसेल, तर लेथवर मारून उरलेले आयुष्य कमी करण्यात काही अर्थ नाही. पेडल किंवा स्टिअरिंग थरथरण्याचे कारण बहुतेक वेळा डिस्क तापून वाकणे हे नसते. डिस्कची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते किंवा पॅडचे मटेरियल तिला ठिपक्यांसारखे चिकटलेले असते. त्याचे मूळ अनेकदा हबवर असते. जुनी डिस्क काढल्यावर हबचा गंज साफ न करता नवी बसवली, की ती केसभर तिरकी बसते. हा तिरकेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असला तरी पुरतो. काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते आणि दोष नव्या डिस्कला दिला जातो. चाकाचे नट कमीजास्त आवळल्यानेही हेच होते.

गैरसमज ५: जितका महाग, जितका कडक, तितका चांगला पॅड.

वस्तुस्थिती: प्रत्येक पॅडचा स्वभाव वेगळा असतो. रेझिन आणि तंतूंचे ऑरगॅनिक पॅड शांत असतात आणि डिस्कला जपतात. धातूमिश्रित पॅड जास्त उष्णता सोसतात, पण धूळ आणि आवाज जास्त करतात. सिरॅमिक पॅड स्वच्छ आणि शांत असतात, त्यांची किंमत जास्त असते. शर्यतीसाठी बनवलेला पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाही. सकाळी शाळेच्या फाटकाजवळ तो कामाचा नाही. भोके पाडलेल्या डिस्कचेही तसेच आहे. रोजच्या वापरात त्यांचा फायदा जाणवत नाही, आणि भोकांच्या कडेपासून तडे जाण्याची शक्यता राहते. घरच्या गाडीला कंपनीच्या मूळ दर्जाचा पॅड हीच योग्य निवड.

खरेदीला जाताना मॉडेलचे नाव पुरत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत कॅलिपर बदललेला असू शकतो. पार्टवाल्याला चेसिस नंबर द्यावा आणि शक्यतो जुना पॅड सोबत न्यावा.

गैरसमज ६: एकाच चाकाचे पॅड गेले, एकाच चाकाचे बदला.

वस्तुस्थिती: एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड एकत्रच बदलावेत, डिस्कही जोडीनेच. डावीकडे नवा आणि उजवीकडे जुना पॅड असला, तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. जुना पॅड नव्या डिस्कवर लावू नये. तो जुन्या रेघांनुसार झिजलेला असतो.

गैरसमज ७: ब्रेक ऑइल कमी झाले की वरून भरले, काम झाले.

वस्तुस्थिती: पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल जाते, म्हणून डबीतली पातळी हळूहळू उतरते. ती झिजेची खूण आहे. एकदम उतरली तर गळती आहे. पातळी उतरलेली असताना वरून भरून ठेवले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबताच ऑइल उतू जाते आणि रंग खाते.

शिवाय ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. घाटात ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल थेट खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे म्हणूनच आवश्यक आहे.

गैरसमज ८: घाट उतरताना न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते.

वस्तुस्थिती: इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना संगणक इंधन बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. वर इंजिनची ओढ जाते आणि सगळा भार पॅडवर येतो. म्हैसमाळ असो वा औट्रम घाट, ज्या गिअरमध्ये चढता त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

गैरसमज ९: दोन बोल्ट तर असतात, घरी कुणीही करील.

वस्तुस्थिती: बोल्ट दोनच असतात, पण ते खोलण्यापूर्वीच्या आणि आवळल्यानंतरच्या गोष्टी महत्त्वाच्या. गाडी सपाट जागेवर उभी करा. पुढचे काम असेल तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, गाडी स्टँडवर टेकवा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे जोडणीत शंका आल्यास दुसरी बाजू नमुन्याला राहते. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. पिना काढून साफ करा आणि त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. पॅडच्या आणि डिस्कच्या तोंडाला ग्रीसचा डागही लागता कामा नये. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेलने नव्हे. धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

मग सगळ्यांत महत्त्वाचे. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. मागे ढकललेला पिस्टन जागेवर यायला तेवढे दाबावे लागते. हे विसरले, तर पहिल्या ब्रेकला पेडल रिकामे जाते आणि गाडी फाटकावर आदळते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०–६० किलोमीटरवरून १५–२० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक मारा, मध्ये थोडे थंड होऊ द्या. नवा पॅड डिस्कवर असा बसल्याशिवाय घाटाकडे जाऊ नका.

ऑइलची गळती, पिस्टन मागे न जाणे, तडकलेला होज, एबीएसचा लागलेला दिवा किंवा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक यांपैकी काही असेल, तर काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे. त्यात कमीपणा नाही.

बदलण्याचे काम प्रत्येकाने करावे असे नाही, मोजण्याचे मात्र करावे. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये 'पॅड अजून चालतील' असे कोणी म्हटले, तर एकच विचारा: 'आतला पॅड किती मिलिमीटर आहे?' उत्तरात आकडा आला नाही, तर चाक काढायला सांगा.