रविवारच्या गाड्यांचे दप्तर

मुंबईत रविवारी देखभालीसाठी काही मार्ग बंद ठेवणाऱ्या मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते, आणि माटुंगा ते मुलुंड या पट्ट्यातील धीमा मार्ग बंद राहणार असला की तिची भाषा बहुधा ठरलेली असते: धीम्या गाड्या जलद मार्गावर वळविण्यात येतील व शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड येथे थांबतील. या यादीत विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर नसतात. तेथील प्रवाशाला आज आपल्या स्थानकावर गाडी येणार किंवा नाही, हे जे लिहिलेले नाही त्यावरून ताडावे लागते. नोकरी सांभाळून, मुलुंडच्या घरी रात्रीच्या निवांत वेळात, मी जे छोटे वेब ॲप उभारले त्याचे प्रयोजन एवढेच होते की, स्थानक निवडले असता त्या रविवारी तेथे गाडी थांबेल काय, आणि न थांबल्यास जवळचे कोणते स्थानक गाठावे, याचे उत्तर एका ओळीत मिळावे. त्या उद्योगाला आता तपाहून अधिक काळ लोटला आहे.

वेळापत्रक खिशात बाळगण्याची सवय मुंबईकराला लावली ती सचिन टेके यांच्या एम-इंडिकेटर या ॲपने. २०१० च्या सुमारास, स्मार्टफोन सर्वांच्या हाती येण्यापूर्वी, ते बटणांच्या जावा फोनवर चालत असे, आणि पुढे लोकलच्या वेळांच्या जोडीला बेस्टच्या बसचे मार्ग आणि रिक्षाचे भाडेही सांगू लागले. हे काम मला आजही विलक्षण वाटते, कारण वेळापत्रक ही सार्वजनिक मालमत्ता असली तरी ती छापील तक्त्यांत बंदिस्त होती, आणि तेथून एकेक आकडा उचलून यंत्राला उमगेल अशा रचनेत बसविण्याचे कष्ट सरकारी दप्तराने नव्हे, एका नागरिकाने पत्करले. माझ्या ॲपचा आवाका त्यापुढे अगदीच सीमित. परंतु कष्टाची जात तीच होती.

प्रोग्रामचा भाग तुलनेने लवकर उरकला. खरा काळ गेला तो नोंदींची मांडणी ठरविण्यात. अमेरिकेतील पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने २००५ मध्ये सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक लिहिण्याची एक सामाईक पद्धत आखली, ती आज जीटीएफएस या नावाने जगभर रूढ आहे. मार्ग, फेरी, थांबा, थांब्याची वेळ आणि ती फेरी कोणकोणत्या वारी धावते, यांची तीत स्वतंत्र कोष्टके असतात. मला तिचा जो विशेष सर्वाधिक उपयोगी पडला तो असा की, मध्यरात्रीनंतर साडेबाराची वेळ तेथे २४:३० अशी लिहिता येते, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत मोडते. शनिवारी रात्री कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे निघालेल्या अखेरच्या गाड्या घड्याळाच्या हिशेबाने रविवारी मुलुंडला पोहोचतात, पण त्यांच्यावर अंमल शनिवारच्या वेळापत्रकाचा चालतो. ही गोष्ट रेल्वेचा प्रत्येक कर्मचारी जाणतो, संगणकाला मात्र ती मुद्दाम सांगावी लागते.

नावांचाही प्रश्न होताच. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ आले आणि रेल्वेचा सीएसटीएम हा संकेत बदलून सीएसएमटी झाला. पुढल्या वर्षी पश्चिम मार्गावर एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. प्रत्येक स्थानकाला नावाहून आणि संकेताहून वेगळा, कधीही न बदलणारा क्रमांक देऊन ठेवला असेल, तर असे फेरबदल एका ओळीत होतात.

त्या प्रारंभीच्या वर्षांत मोबाइलचा डेटा महाग होता आणि गर्दीच्या डब्यात तो मिळेलच याची शाश्वती नसे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर खर्चाची अडचण सरली, गर्दीची उरली. ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्करची सोय आली, आणि एकदा उघडलेले पान फोनमध्येच जतन होऊन संपर्काविना उत्तर देऊ लागले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. कारण ज्याला उत्तर हवे असते तो माणूस घरी बसलेला नसून स्थानकाच्या जिन्यावर उभा असतो.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीमुळे लोकल थांबली. जूनच्या मध्यावर ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून इतरांना पहाटेपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर मुभा मिळाली. एप्रिलमध्ये ती मुभा पुन्हा गेली. आणि १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवास खुला झाला. गाडी कोठे थांबते, एवढ्यापुरते घडविलेले माझे ॲप या काळात कोण, केव्हा चढू शकतो या प्रश्नाला सामोरे गेले, आणि मी नियमांसाठी एक निराळे कोष्टक जोडले, ज्यात प्रत्येक नियमाला आरंभाची व समाप्तीची तारीख होती. या एकंदर खटाटोपातून उरलेली सर्वांत टिकाऊ वस्तू हे कोष्टकच आहे, असे माझे मत आहे, कारण मेगाब्लॉक हादेखील तसाच एक मुदतबंद नियम असतो.

२०२२ मध्ये मध्य रेल्वेचे स्वतःचे ‘यात्री’ ॲप आले, ही आनंदाची गोष्ट घडली. तथापि ब्लॉकची सूचना आजही परिच्छेदांच्या रूपाने माझ्या वाचनात येते, आणि ती वाचून मी स्थानकांपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ भरतो. प्रशासनाने तोच तपशील वर्तमानपत्रांच्या जोडीने एका साध्या कोष्टकात, मार्ग, स्थानक, आरंभ आणि समाप्ती एवढ्या चार रकान्यांत, प्रसिद्ध करण्याची तजवीज केली, तर तो उतरवून घेण्याचे माझ्यासारख्यांचे काम संपेल, आणि ते संपावे अशीच माझी इच्छा आहे.

तोवर हे काम चालू राहील. वडाळ्याहून घाटकोपर व मुलुंडमार्गे कासारवडवलीला जाणारी मेट्रो ४ उपनगरांतून धावू लागेल, तेव्हा ब्लॉकच्या दिवशी ‘जवळचे स्थानक’ म्हणजे केवळ रेल्वेचे स्थानक राहणार नाही. म्हणून पर्यायांच्या कोष्टकात वाहनाच्या प्रकाराचा रकाना मी या पावसाळ्यातच घालून ठेवला आहे.