निर्दोष सुटल्यावर…

मुंबई, १९५९. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर प्रेम आहुजाच्या खुनाचा खटला उभा राहिला आणि ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. खरं तर एक साधा टॉवेलच बरंच काही सांगत होता. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता. झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणावं, तर त्याच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही? सेशन्स न्यायाधीशांना निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली.

दिल्लीत जेसिका लाल हिच्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नऊही आरोपी सुटले. लोक रस्त्यावर उतरले. अपिलात डिसेंबरमध्ये त्यांच्यापैकी मनू शर्माला जन्मठेप झाली.

अपिलाची ही वाट अमेरिकेत नाही. तिथे निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ठार मारण्यात आलं. त्याच्या आईच्या काकांनी, मोझ राइट यांनी, भर कोर्टात उभं राहून गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळी तिथे हे जिवावर बेतणारं धाडस होतं. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने ६७ मिनिटांत दोघांना सोडलं. काही महिन्यांतच, पैसे घेऊन, त्या दोघांनी ‘लुक’ मासिकाला खुनाची कबुली दिली. खुनाचा खटला पुन्हा उभा राहिलाच नाही.