गॉगलमधलं आकाश

बीदरच्या आकाशात गर्जना झाली की माणसं सवयीनं मान वर करतात. हवाईदलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाचा तळ इथंच आहे. त्याच्या लाल-पांढऱ्या हॉक विमानांची या शहराला ओळख आहे. याच आकाशाखाली कुणी एफपीव्ही ड्रोन उडवायचं म्हणतो, तेव्हा काही समजुती आधी दूर व्हायला हव्यात.

एफपीव्ही म्हणजे ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं जिवंत चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये पाहत उडवणं. लग्नात फिरणारा ड्रोन पाहिलेल्यांना वाटतं, बोटं काढली की हाही जागच्या जागी थांबेल. लग्नातला ड्रोन जीपीएसच्या आधारानं तरंगतो. एफपीव्हीवाले मात्र बहुतेकदा ‘अॅक्रो’ मोडवर उडवतात. त्यात ड्रोन एकदा झुकवला की झुकलेलाच राहतो. सरळही बोटांनीच करावा लागतो. वेगात जाताना त्याचं नाक खाली असतं, म्हणून कॅमेरा मुद्दाम वर कललेला बसवतात. परिणाम असा, की ड्रोन सपाट धरून उतरवताना गॉगलात निम्म्याहून जास्त आकाशच दिसतं आणि पायाखालची जमीन नजरेआड होते. नवशिके आधी सिम्युलेटरवर तासन्‌तास आपटतात, ते याचसाठी.

शिवारात तुरीवर किंवा सोयाबीनवर फवारणी करणारा ड्रोनही असाच चालतो, हाही गैरसमज. तो बहुधा आधी आखलेल्या मार्गावर स्वतःच जातो. गॉगलची गरज पडत नाही.

‘जिवंत चित्र’ या शब्दानंही फसगत होते. चित्र डोळ्यांपर्यंत यायला साधारण ३० मिलिसेकंद लागले, तर ताशी १०० किलोमीटर वेगातला ड्रोन तेवढ्यात ८० सेंटिमीटरहून पुढे गेलेला असतो. शिवाय चित्र तुटतं ते लांब गेल्यावरच, असं नाही. सहसा ते ५.८ गिगाहर्ट्झवर येतं. जाड दगडी भिंत मध्ये आली, तर ड्रोन जवळ असूनही गॉगलात मुंग्या नाचू लागतात.

सर्वांत धोक्याची समजूत वजनाबद्दलची. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. त्यावरून तो कुठंही उडवता येतो, असं मात्र मुळीच नाही. ‘ड्रोन नियम २०२१’नुसार हवाई नकाशावरच्या लाल आणि पिवळ्या क्षेत्रात आधी परवानगी घ्यावीच लागते, ड्रोन केवढाही असो. हवाईतळ आणि त्याला लागून २०२० मध्ये सुरू झालेला नागरी विमानतळ असलेल्या बीदरमध्ये ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा पाहिल्याशिवाय बॅटरी जोडूच नये. बीदरचा किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथं ड्रोनसाठी वेगळी परवानगी लागते.

आणि गॉगलमुळे जास्त दिसतं म्हणावं, तर कॅमेऱ्याला फक्त समोरचं दिसतं. मागून येणारं विमान, बाजूची वीजतार, शेजारी येऊन उभं राहिलेलं पोर, यांतलं काहीच त्यात येत नाही. म्हणून उघड्या डोळ्यांचा एक सोबती जवळ लागतो. तो ड्रोनकडेही पाहतो, आकाशाकडेही, आणि गर्जना कानी पडताच म्हणतो, ‘‘उतरव, आत्ता.’’