मांजराचे ओठ आणि हिरड्या पाहा

कणगीतले भात राखणारे मांजर आजारी पडले की ओरडत नाही. कोपऱ्यात जाऊन गप्प बसते. म्हणून त्याचे दुखणे आपल्यालाच ओळखावे लागते. त्याची एक सोपी खूण ओठांच्या आत असते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका घरून आम्हांला बोलावणे आले. मांजर अंगाने गरम वाटले, म्हणून घरच्यांनी त्याला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. आम्ही ओठ वर करून पाहिले, तो हिरड्या मातकट तपकिरी झालेल्या, तोंड सुजलेले, श्वास धापा टाकत चाललेला. दवाखान्यात नेईपर्यंत मांजर गेले. घरच्यांनी मायेनेच गोळी दिली होती. पण मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तरच खरा उपयोग. तेव्हा माणसाची कोणतीही गोळी मांजराला देऊ नये.

मांजर धडधाकट असतानाच त्याच्या हिरड्या पाहून ठेवाव्यात. त्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यास पांढऱ्या होतात व दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतात. हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

फिकट किंवा पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी झाले. पिल्लांत पिसवा व पोटातील कृमी हे त्याचे नेहमीचे कारण. उंदराचे विष पोटात गेले असेल, तर आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी हीच खूण दिसते. पिवळेपणा म्हणजे कावीळ. निळसर किंवा तपकिरी रंग म्हणजे प्राणवायू कमी पडतो आहे. दाताकडेची हिरडी लालभडक व तोंडाला घाण वास, हा बहुधा दातांचा रोग.

पांढरा, निळा वा तपकिरी रंग दिसला, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर त्याच घटकेला निघावे. कावीळ दिसली किंवा मांजराने दिवसभर काही खाल्ले नाही, तरी त्याच दिवशी न्यावे. उपाशी राहिल्याने मांजराचे यकृत बिघडते.

मात्र प्रत्येक डागाला घाबरू नये. तांबूस मांजराच्या ओठांवर वयाबरोबर काळे ठिपके येतात. ते सपाट असतील तर निरुपद्रवी समजावेत. डाग उंच झाला, चिघळला किंवा रक्त येऊ लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावा.

नेताना मांजर झाकणाच्या टोपलीत ठेवावे, बळेच पाणी पाजू नये. काही खाल्ल्याचा संशय असल्यास गोळीचे वेष्टन किंवा विषाची पुडी बरोबर घ्यावी. काय दिले ते डॉक्टरांना लाज न धरता सांगावे. उपचार त्यावरच ठरतो.