थोड्या वॅटांचा संगणक आणि ग्राफिक्स कार्ड
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या कांहीं वर्षांत मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांतून एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. मोठ्या कचेऱ्यांनीं चार-पांच वर्षें वापरून काढून टाकलेला, आणि दुकानदारानें झाडूनपुसून, नवी डिस्क घालून विकलेला, असा लहान आकाराचा डेस्कटॉप संगणक हा तो पाहुणा होय. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर हीं त्यांतलीं नेहमींचीं नांवें. यंत्र मजबूत, आवाज थोडा, किंमत आटोक्यांतली. तेव्हां घेणाराचा व्यवहार तोट्याचा होतो असें नाहीं. पण महिना-दोन महिने जातात न जातात तोंच घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणूं लागते कीं, "बाबा, ह्यांत ग्राफिक्स कार्ड घातलें पाहिजे." मग बाबा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, नाहीं तर आपल्या गांवच्या दुकानांत जातात, आणि खोक्यावरील चित्र व किंमत पाहून कार्ड घेऊन येतात. घरीं आल्यावर असें दिसून येतें कीं, एक तर तें पेटींत मावत नाहीं, किंवा मावलें तर त्याला पुरेल इतकी वीज त्या पेटींत नाहीं. हा खर्च टाळतां यावा एवढ्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

ग्राफिक्स कार्ड करतें काय, तें प्रथम थोडक्यांत पाहूं. मॉनिटरवरील चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. साधारण मॉनिटरवर एका आडव्या ओळींत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला म्हणजे २०,७३,६०० ठिपके झाले. खेळांतील हालचाल डोळ्यांस अखंड वाटावी म्हणून हें चित्र सेकंदाला साठ वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे सेकंदास सुमारें साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! संगणकाचा प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न हेडमास्तरासारखा आहे. कोणतेंही अवघड गणित तो सोडवील. परंतु एका वेळीं थोडींच. ग्राफिक्स कार्डावर मात्र शेंकडों लहान लहान गणक भरलेले असतात. भरलेल्या वर्गांतील मुलांप्रमाणें प्रत्येकाला सोपें गणित दिलेलें असतें, आणि सगळे एकाच वेळीं पाट्या पुढें करतात. जीटीएक्स १०५० टीआय ह्या २०१६ सालच्या साध्या कार्डावरही असे ७६८ गणक आहेत. ते कामाला लागले कीं त्यांना वीज लागते, आणि त्या विजेची शेवटीं उष्णता होते. आपल्या विषयाचें मर्म येथेंच आहे.

पण त्याआधीं एक प्रश्न घरांतल्या घरांत विचारावा. कार्डाची खरोखरीच गरज आहे काय? आजकालच्या बहुतेक प्रोसेसरांतच चित्रें काढण्याची बेताची सोय असते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे सुमारें २०१७ सालापासून, उत्तम प्रतीचे चित्रपटही ही अंगची सोय सहज दाखविते. पत्रव्यवहार, हिशेब, शाळेचे पाठ, दूरच्या मुलांशीं तोंडओळख ठेवणें, ह्यांकरितां निराळें कार्ड घेणें म्हणजे भाजी आणण्यासाठीं मालमोटार ठेवण्यासारखें आहे. शिवाय अशा पेट्यांत रॅमची एकच पट्टी बसविलेली पुष्कळदां आढळते. तिच्याच जोडीची दुसरी पट्टी घातली कीं मेमरीकडे जाण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि अंगच्या चित्रसोयीला तिचा चांगलाच फायदा मिळतो. हा खर्च कार्डाच्या मानानें किरकोळ आहे. मुलांना हा उपाय आवडत नाहीं, कारण त्यांत मित्रांना दाखविण्याजोगें कांहीं नसतें.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें थांबविली. आणि विंडोज ११ च्या मान्य यादींत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणें आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. तेव्हां आपली पेटी त्याहून जुनी असेल तर तिच्यांत नवें कार्ड घालण्यापूर्वीं ती आणखी किती वर्षें घरांत राहणार, हें ठरवावें. लिनक्सवर काम चालविणाराला ही अडचण नाहीं.

तथापि चित्रफितींचें संपादन करणारा, ब्लेंडरवर आकृति घडविणारा, स्थापत्याचा विद्यार्थी, किंवा सरळच सांगावयाचें तर खेळ खेळणारा, ह्यांस कार्डाची गरज आहे. आणि खेळ हें निमित्त हलकें आहे असें मी मानीत नाहीं. अशांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच संगणकाची पेटी उघडावी. वीज बंद करून, केबल काढून, मगच. आंत वीज पुरविणारी एक लहान पत्र्याची डबी असते. तिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात. तिच्यावर चिकटविलेला कागद शांतपणें वाचावा. ह्या कचेरीच्या पेट्यांत ती डबी बहुधा १८० ते ३०० वॅटांची असते. आणि संसार जसा पगाराच्या आंत बसवावा लागतो, तसें कार्ड ह्या आंकड्याच्या आंत बसवावें लागतें.

हिशेब करून पाहूं. डबी १८० वॅटांची आहे असें धरा. प्रोसेसर ६५ वॅटांचा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखा मिळून सुमारें ३५. हे झाले १००. बाकी राहिले ८०. त्यांत ७५ वॅटांचें कार्ड घातलें तर कागदावर बेरीज जमते खरी, पण हातांत पांचच वॅट उरतात. आणि ६५ वॅटांचा म्हणविणारा प्रोसेसर कामाच्या भरांत थोडा वेळ त्याहून बरीच अधिक वीज ओढतो. म्हणजे महिनाअखेरीस पाहुणे आल्यासारखी स्थिति होते. संगणक अशा वेळीं कांहीं न बोलतां एकदम बंद पडतो, आणि मुलाला वाटतें कीं कार्डच बिघडलें. याकरितां १८० वॅटांच्या डबीवर पन्नासाच्या आसपासचें कार्ड असावें. २४० किंवा त्याहून अधिक असतील तर पाऊणशेंपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. कागदावर १२ व्होल्टांच्या रांगेपुढें अँपिअर लिहिलेले असतात, तोही आंकडा पाहावा. व्होल्टांनीं अँपिअरांस गुणलें कीं वॅट येतात, आणि कार्डाची भूक मुख्यतः ह्याच रांगेवर भागते.

आतां पाऊणशेंचा आंकडा मीं कोठून आणला? मदरबोर्डावर कार्ड खोंचण्याची जी लांब खांच असते, तिला स्लॉट म्हणतात. तिच्यांतून जास्तींत जास्त ७५ वॅट वीज देण्याचा नियम ठरलेला आहे. त्यांपैकीं ६६ वॅट १२ व्होल्टांच्या मार्गानें येतात. ह्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डांस एसएमपीएसमधून निघालेली निराळी केबल जोडावी लागते. सहा टोंकांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ टोंकांची १५०. कचेरीच्या लहान पेट्यांत ही केबल बहुधा नसतेच. म्हणून आपल्याला हवें तें कार्ड केवळ स्लॉटच्या विजेवर जगणारें असलें पाहिजे. दुकानांत हा एकच प्रश्न आग्रहानें विचारावा: "ह्याला वरून केबल लागते का?"

येथें कांहीं दुकानदार एक तोड सुचवितात. डिस्कला वीज देणाऱ्या सॅटा केबलीवर एक जोड लावून तिची सहा टोंकांची केबल करून देतात. हा मार्ग मुळींच पत्करूं नये. सॅटाच्या तोंडांत १२ व्होल्टांचीं तीन टोंकें असतात, आणि प्रत्येकाची मर्यादा दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यांतून ७५ वॅट ओढावयाचे म्हणजे प्लॅस्टिक वितळण्याची व प्रसंगीं आग लागण्याची वेळ आणणें होय. एसएमपीएसच बदलावा म्हणाल, तर ह्या कंपन्यांच्या पुष्कळ पेट्यांत तो निराळ्या आकाराचा व निराळ्या टोंकांचा असतो. बाजारांतला साधा एसएमपीएस त्यांत बसत नाहीं.

विजेनंतर उंची. पातळ पेटींत अर्ध्या उंचीचें, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड लागतें. पूर्ण उंचीच्या कार्डाची पट्टी सुमारें १११ मिलीमीटर रुंद, तर लो प्रोफाइलची सुमारें ६९. मुलांची फूटपट्टी घेऊन मापावें, आणि स्लॉटशेजारीं दोन खणांची जागा आहे कीं एकाच खणाची, तेंही पाहावें. कार्डाबरोबर आंखूड लोखंडी पट्टी मिळते कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. तळहातावर मावणाऱ्या अगदींच लहान संगणकांत स्लॉटच बहुधा नसतो. तेथें हा विषय संपला.

आतां प्रत्यक्ष कार्डें. जीटी १०३० हें २०१७ सालचें, ३० वॅटांचें. २०१८ सालीं त्याच नांवानें दुसरें एक कार्ड निघालें, त्यांत स्वस्त डीडीआर४ मेमरी घातलेली होती. तिचा वेग मूळच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आला, पण खोक्यावरील मोठें नांव तेंच राहिलें. वर्गांत दोन भिन्न मुलांनीं एकाच नांवानें पेपर द्यावा तसा हा प्रकार आहे, आणि मला तो मुळींच प्रशस्त वाटत नाहीं. आरटीएक्स ३०५० चेंही तसेंच. २०२२ सालचें ८ जीबीचें कार्ड १३० वॅटांचें, त्याला केबल लागते. २०२४ सालचें ६ जीबीचें ७० वॅटांचें, तें स्लॉटवरच चालतें. येथें योगायोगानें आकड्यानें लहान असलेलें कार्डच आपल्या कामाचें आहे. म्हणून नांवापुढील मेमरीचा आंकडा व प्रकार वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

एएमडीचें आरएक्स ६४०० हें २०२२ सालचें कार्ड ५३ वॅटांचें असल्यामुळें १८० वॅटांच्या पेटीस चांगलें शोभतें. पण त्यांत दोन उणिवा आहेत. मदरबोर्डाशीं बोलण्याचे त्याचे मार्ग चारच आहेत. नव्या, चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ते पुरतात, परंतु कचेरीच्या जुन्या पेट्यांचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असल्यानें प्रत्येक मार्गाचा वेग निम्मा होतो, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली कीं खेळ अडखळूं लागतो. दुसरें असें कीं, चित्रफीत आंखडून साठविण्याचें यंत्र त्यांत नाहीं. तेव्हां संपादन करणाऱ्यानें तें घेऊं नये. इंटेलचीं आर्क ए३१० व ए३८० हीं कार्डें ह्या कामांत हुशार, एव्ही१ पद्धतीनें चित्रफीत साठविणारीं. परंतु रिसायझेबल बार नांवाची सोय मदरबोर्डांत नसेल तर खेळांत त्यांची गति फार घटते, आणि जुन्या पेट्यांत ती सोय सहसा नसते. ए३८० च्या पुष्कळ नमुन्यांस वरून केबलही लागते.

माझें मत विचाराल तर, पेटी २४० वॅटांची किंवा अधिक असून नवें कार्ड घेण्याची ऐपत असेल तर ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० घ्यावें. जुनें घ्यावयाचें तर केबल न लागणारें जीटीएक्स १६५० पाहावें. हें २०१९ सालचें, ७५ वॅटांचें. पण कांहीं कारखानदारांनीं त्यालाही केबलीचें तोंड बसविलें आहे, म्हणून डोळ्यांनीं पाहूनच घ्यावें. जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआय बाजारांत स्वस्त मिळतात. पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियानें त्या पिढ्यांसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणें बंद केलें असून, केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचें जाहीर केलें आहे. चार वर्षांसाठीं वस्तु घेणारानें हें ध्यानांत धरावें.

जुन्या मालांत खोटा मालही येतो. एखाद्या फार जुन्या कार्डाच्या आंतील नोंद बदलून तें १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. संगणकही त्या नोंदीवर विश्वासून तेंच नांव दाखवितो. त्याची एक खूण डोळ्यांना दिसते. ह्या कार्डाच्या मूळ रचनेंत जुन्या निळ्या व्हीजीए केबलीची सोय नाहीं. म्हणून १०५० टीआय म्हणून पुढें केलेल्या कार्डावर निळें तोंड दिसलें तर दुकानाबाहेर पडावें. जीपीयू-झेड नांवाचें एक फुकट मिळणारें साधन आहे. तें २०१८ सालापासून अशीं खोटीं कार्डें ओळखतें. दुकानांतच तें चालवून पाहावें, आणि बिलावर कार्डाचें पूर्ण नांव लिहून घ्यावें.

गृहिणींचा प्रश्न विजेच्या बिलाचा असतो, आणि तो रास्त आहे. ७० वॅटांचें कार्ड रोज चार तास भर कामावर राहिलें तर महिन्यास साडेआठ युनिटांच्या आंत वीज लागते. छताचा जुना पंखा तेवढाच वेळ फिरविल्यावर होतो, तेवढाच हा खर्च. रिकाम्या वेळीं कार्ड फारच थोडी वीज घेतें.

कार्ड बसवितांना प्रथम पेटीच्या उघड्या पत्र्यास हात लावावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. कार्ड स्लॉटमध्यें सरळ दाबावें, टिचकीसारखा आवाज येईपर्यंत, आणि स्क्रू आवळावा. मॉनिटर जुना, निळ्या केबलीचा असेल तर डिस्प्लेपोर्टपासून व्हीजीए करणारा जोड आधींच आणून ठेवावा. आणि मॉनिटरची केबल काढून ती नव्या कार्डाच्या तोंडांत बसवावी. पुष्कळ घरीं ती मदरबोर्डाच्या जुन्या तोंडांतच राहते, आणि चार दिवस कार्ड नुसतेंच पेटींत बसून असतें.